बाईसरांचं ‘छान’

बाईसर ‘छान’ म्हणाल्या की आमच्या वर्गात भलेभले ब्लेड शोधू लागायचे. ड्रॉइंग-बोर्डापुढे हात पाठीशी बांधून त्या उभ्या राहायच्या, मान आधी डावीकडे कलवायच्या, मग उजवीकडे, आणि म्हणायच्या, “छान. आता हे खोडा.” शाईची रेघ खोडायची म्हणजे अर्ध्या ब्लेडनं कागद खरवडायचा, हात जरा जड पडला की भोक. छान आहे तर खोडायचं कशाला, आणि खोडायचंच आहे तर छान कशाला, हे विचारायची छाती कुणाचीच नव्हती. मला आजही कुणी विचारलं तर धड सांगता येणार नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. पुण्यात घरांचे नकाशे शिकवणारी बाई हे तेव्हा नवलच होतं. आमचा शिपाई धोंडिबा तर पार पेचात पडला. कॉलेजात शिकवतो तो सर आणि प्राथमिक शाळेत शिकवते ती बाई, एवढं त्याला पक्कं ठाऊक. पहिल्या दिवशी दारात उभा राहून तो “बाई... सर...” असं काहीतरी पुटपुटला आणि तेच नाव कायमचं चिकटलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “हाक कळली की पुरे.” नाव आवडलं की नाही, ते काही समजलं नाही.

एका सोमवारी सांगायच्या, “घर बांधायच्या आधी घरातल्या बाईला विचारा.” पुढच्या सोमवारी, “कुणाला विचारू नका. माणसं खरं सांगत नाहीत. नुसतं बघत बसा.” मुलं दोन्ही वाक्यं निमूटपणे उतरवून घ्यायची. मुलगी मी एकटीच. मुलांचा गोंधळ गर्दीत खपून जायचा, माझा मात्र लांबून दिसायचा.

एकदा त्यांनी आम्हाला पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत नेलं. लांबलचक बराकी, आणि एकेका खोलीत चादरी टांगून केलेले संसार. मी भिंती मोजल्या, दारं-खिडक्या मांडल्या.

“यात झोपतं कोण, आणि कुठं?” बाईसरांनी विचारलं. मी खाटा काढल्या. “आणि पाहुणा आला तर?”

शेजारी डाळ निवडत बसलेली सिंधी आजी हसून म्हणाली, “मेहमान अंदर, हम बाहर.”

“हे काढ,” बाईसर म्हणाल्या आणि पुढे गेल्या. घराबाहेर निघालेली माणसं घराच्या नकाशात काढायची कशी, यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं.

आमच्या आबांची चिंचवडला लाकडाची वखार होती. घरं बांधणाऱ्यांत त्यांची ऊठबस, म्हणून मला या शिक्षणाला पाठवायला ते राजी झाले, पण अटीवर. एकदा जरी नापास झाले तर कॉलेज बंद आणि लग्न. तळेगावचं एक स्थळ तयारच होतं. वार्षिक परीक्षेला पिंपरीतल्या कारखान्याच्या कामगारासाठी घर काढायचं होतं. मी जीव ओतून काढलं. बाईसर मान कलवून “छान” म्हणाल्या आणि त्यांनी मला नापास केलं.

तळेगावला निरोप गेला. येत्या रविवारी मुलाकडची मंडळी येणार असं ठरलं. त्याच्या आधीच बाईसर कासारवाडीच्या आपल्या भाड्याच्या खोलीतून उठून थेट आमच्या वखारीत आल्या.

“हिला आणखी एक वर्ष द्या,” त्या आबांना म्हणाल्या.

आबा चक्रावले. “तुमीच नापास केलं, अन् तुमीच मागाय आला व्हय?”

“चित्र छान होतं. घर नव्हतं.”

“म्हंजी?”

“ते मला अजून नीट सांगता येत नाही.” मग समोरच्या ओंडक्यांकडे बघून त्या म्हणाल्या, “ओलं लाकूड तुम्ही दाराला देता का? वाळू देताच ना?”

“लाकडाचं वय निघून जात न्हाई, बाई. पोरीचं जातंय.”

वर्गात त्यांना असं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पदरानं कपाळ टिपत त्या एका ओंडक्यावर बसून राहिल्या. आबांनी चहा मागवला आणि हळूच तोडगा काढला, “गुण तेवढं वाढवा, मंग समदंच मिटतंय.”

“ते नाही होणार,” म्हणत त्या उठल्या. चहा तसाच राहिला.

“येडी हाय बाई,” त्या गेल्यावर आबा म्हणाले. “जा आनखी एक वर्स.”

“का, आबा?”

“मला तरी कुटं ठावं हाय?”

मी शिकले, पास झाले, पुण्यात नोकरीलाही लागले. मग कळलं की बाईसर दिल्लीला निघाल्यात. पाया पडायचं ठरवून मी स्टेशनवर गेले. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून इतकी वर्षं राहून गेलेलं एकदाचं विचारलं, “बाई, माझं ते घर खरंच नापास होण्यासारखं होतं?”

त्यांनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे.

“नक्की नाही सांगता येत,” त्या म्हणाल्या. “वर्गात तू एकटी मुलगी, आणि शिकवणारीही बाई. बाईनं बाईला सांभाळून घेतलं असं कुणी म्हणू नये, या धास्तीनं माझा हात आखडला असेल. कदाचित नसेलही.”

“आणि माझं लग्न लागलं असतं तर?”

“म्हणून तर वखारीत आले होते.”

गाडीनं शिट्टी दिली. मला त्यांचा संताप आला होता आणि त्या चालल्या म्हणून रडूही आवरत नव्हतं. डबा हलला तेव्हा मी वाकले नव्हते. नुसती उभी होते.