अंबाड्यातला गजरा

डहाणूच्या बाजारातली एक मासळीवाली आमच्याकडे यायची ती पाटी फाटकाबाहेर ठेवून, हात लिंबाने चोळून. केमोनंतर मासळीच्या वासाने कसं ढवळून येतं, ते तिने स्वतः भोगलं होतं. केमोने केस गेलेल्या माझ्या बायकोपुढे डोकं वाकवून ती अंबाड्यातला गजरा दाखवायची. "हात लाव गो, खरे केस हायेत. तुझेपण येतील."

मग बरेच दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या केमोच्या सकाळी गाडी दारात उभी, आणि बायको जाणार नाही म्हणून अडून बसली. घाबरून मी मासळीवालीला फोन केला. ती आली, डोक्यावरून पदर घट्ट आवळून. हात लाव म्हणाली नाही.

"ऊठ गो. माझीपण केमो परत सुरू झालीय. मलापण गाडीत घे."

बायको चप्पल शोधू लागली.