अर्थ मागाहून

टाकानिनी या परदेशातल्या उपनगरात आमच्या शेजारी एक वेल्श म्हातारा एकटाच राहायचा. बायको गेल्यापासून त्याच्याशी वेल्शमध्ये बोलणारं कुणीच उरलं नव्हतं. माझे बाबा जन्मभर पुण्यात केमिस्ट्री शिकवत आलेले, इथे माझ्याकडे येऊन नुसते कंटाळलेले. सतराव्या शतकातल्या एका वेल्श पंडितावरून दोघांचं सूत जुळलं. तो गृहस्थ भट्टीवर रसायनंही तापवायचा आणि व्याकरणही लिहायचा म्हणे. एका माणसाला दोन-दोन खुळं कशाला, देव जाणे! बाबांनी त्याचं चरित्र मराठीत लिहायला घेतलं. दर बुधवारी दोघे आमच्या गराजमध्ये बसायचे. भट्टीचं बाबा समजवायचे, व्याकरणाचं म्हातारा.

एकदा म्हातारा म्हणाला, "मरताना माझ्या कानाशी कुणीतरी माझ्या भाषेत बोलायला हवं." बाबांनी शब्द दिला. आपण तोंडात गंगाजल घालतो तसंच हे, असं मला म्हणाले. म्हाताऱ्याने एक वाक्य सांगितलं, ते बाबांनी घोटून घोटून पाठ केलं. आधी उच्चार, अर्थ मागाहून. स्तोत्रंही ते असेच शिकलेले.

मग म्हाताऱ्याला हॉस्पिटलात नेलं. त्याच्या मुलीचा फोन आईने घेतला. "फार वेळ नाही, तुमच्या मिस्टरांना पाठवा," असा निरोप होता. आईने बाबांना सांगितलं, "तपासायला नेलंय, येतील." वयस्कर माणसाला वाईट बातमी सांगायची नाही, हे आपल्याकडचं पुण्यकर्मच ना! मला तिने थेट दोन दिवसांनी, शनिवारी सांगितलं. "यांचं बीपी वाढलं असतं गं," म्हणाली. मी तिला नको नको ते बोलले आणि बाबांना गाडीत घातलं.

पोचलो तेव्हा नर्स पलंगावरची चादर काढत होती. "शेवटी सारखे काहीतरी विचारत होते," ती म्हणाली. "आम्हाला एक अक्षर कळलं नाही."

घरी आल्यावर बाबांनी आईच्या हातचा चहा नेहमीसारखा घेतला. मला मात्र तिचं तोंड बघवेना.

अंत्यविधी शेजारच्या मनुरेवा उपनगरात झाला. माणसं मोजकीच. म्हाताऱ्याची मुलगी इथेच वाढलेली, आमच्या पोरांसारखीच बापाला इंग्रजीत उत्तरं देणारी. बाबा उठले, शवपेटीवर वाकले आणि ते वाक्य अस्सल पुणेरी उच्चारांत म्हणाले. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने.

मुलीने डोळे पुसत विचारलं, "याचा अर्थ काय?"



"बुधवारी सांगणार होता," ते म्हणाले.