मामांचा रस्ता आणि नंबर नसलेली गाडी

दत्तूमामांनी एटीव्ही विकत घेतली हे मला त्यांच्या फोनवरून कळलं आणि ती आणायला मी सोबत जायचं आहे, हेही त्याच फोनवर ठरलेलं होतं. आमच्या आजोळी विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे. "नंदे, पानशेतच्या रस्त्याला एक रिसॉर्ट बंद पडलंय. त्यांची ती चार चाकांची फटफटी मी घेतलीय. परवा तू मोकळी हायेस." मी मोकळी होते, ही गोष्ट वेगळी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एटीव्ही म्हणजे जाड टायरची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. रिसॉर्टमध्ये शनिवार-रविवारी लोक हेल्मेट घालून तिच्यावर किंचाळत चिखलात फिरतात तीच. सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याने ती का घ्यावी, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता, पण मामांना विचारायची माझी टाप नाही. उत्तर मामींकडून मिळालं.

मामांचं गाव हडपसरच्या पुढे, आता महापालिकेत गेलेलं. नाव लिहीत नाही, मामांनी बजावलंय. घर खाली, जुन्या गावठाणात. त्यांचा चार एकरांचा माळ वर, टेकाडाच्या अंगाला, आणि तिथे विहीर आणि हाताने लावलेले आंबे. मामांच्या दोन्ही गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी राम म्हटला. सपाटीवर काठी टेकत थोडं चालवतं, चढ चढवत नाही. तेव्हापासून ते माळावर गेलेले नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा महेश तिथल्याच आयटी पार्कात नोकरीला. त्याच्याकडे बिल्डरचे फोन येतात. तो एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, ज्या जमिनीवर तुम्ही जाऊच शकत नाही, ती ठेवून करायचं काय? रोज तुम्हाला कोण सोडणार?" मामांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "दिवाळीपातूर माझा मी, कुणी न सोडता, वर गेलो तर तू इषय काढायचा न्हाय. न्हाय जमलं तर आण कागद, सही करतो." मामा शब्द देतात आणि पाळतात, हीच त्यांच्या घरच्यांची खरी अडचण आहे.

तर एटीव्ही त्यासाठी.

परवाच्या सकाळी यासीनभाईंचा टेम्पो कर्वेनगरात माझ्या दारात उभा. पुढच्या सीटवर मामा, पांढऱ्या टोपीत, खिडकीशी. मी मध्ये. यासीनभाई नाना पेठेतले. टेम्पो त्यांचाच आणि चालवतातही तेच. मी सहज विचारलं, तुमचं घराणं पुण्यात किती पिढ्यांपासून? ते समोर बघत म्हणाले, "ताई, आधी तुम्ही सांगा, कर्वेनगरात तुम्ही कधी आलात?" मी खिडकीबाहेर बघायला लागले. मामांना हसू आवरेना.

वारजे, नांदेड फाटा, किरकटवाडी करत खडकवासल्याला नाश्ता केला. धरणाच्या कडेला टपऱ्या आहेत, भजी गरम मिळतात, चहा मात्र नुसता गोड पाक. सकाळी आठच्या आत जा, नंतर सिंहगडाची गर्दी येते आणि मग रस्त्यावर गाड्यांपेक्षा सेल्फी जास्त. टेम्पोचं भाडं पूर्ण दिवसाचं ठरवावं, किलोमीटरवर ठरवू नये. का, ते पुढे कळेलच.

रिसॉर्टमध्ये मॅनेजर एकटाच उरला होता आणि त्यालाही जायची घाई होती. त्याने किल्ली दिली, पावती दिली. मी नोंदणीचा कागद मागितला. "नोंदणी नसते हिची, मॅडम. ही फक्त आवारात चालवायची." काही मॉडेलं म्हणे ट्रॅक्टर म्हणून नोंदवता येतात, ही त्यातली नव्हती. म्हणजे नंबर नाही, विमा नाही, रस्त्यावर उतरवायची नाही. मी मामांकडे बघितलं. मामा तोवर गाडीवर बसलेसुद्धा होते.

त्या आवारातल्या मातीच्या गोल वाटेवर मामांनी तीन-चार फेऱ्या मारल्या. आधी बैलगाडीच्या वेगाने, मग जरा जोरात. एका उंचवट्यावर गाडी सरळ वर गेली आणि मामा तिथेच थांबले. खाली उतरायला तयार नाहीत. मी हाक मारली तर म्हणाले, "थांब गं जरा. दोन वर्सांनी उंचावरनं बगतोय." मला भरून आलं. मी लगेच फोटो काढायला लागले, कारण यासीनभाई शेजारी उभे होते.

दोन फळ्या टाकून गाडी टेम्पोत चढवली, चारी बाजूंनी दोर आवळले. येताना सिंहगड रोडवरून स्वारगेट न करता बिबवेवाडीतून आलो. यासीनभाईंच्या ओळखीच्या एका खानावळीत जेवलो. भाकरी, मटकीची उसळ, वर ताक. जागा अरुंद आहे, पण वाढणारा माणूस ताट रिकामं होऊ देत नाही. नंतर लुल्लानगरवरून हडपसर. गाडीतळाशी जी काय वाहतूक असते तिच्याबद्दल इथे काही लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांचा विश्वास बसणार नाही.

गावाच्या फाट्यावर मामा म्हणाले, "यासीन, थांबीव. इथनं मी चालवत नेणार."

आता हा फाट्यापासूनचा रस्ता समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावर आहे. तो फाट्यावरून निघतो, मामांच्या घरावरून जातो आणि माळाच्या पायथ्याशी त्यांच्या गोठ्यापाशी संपतो. पूर्वी तिथे मामांचं वावर होतं. वरच्या वस्तीला यायला-जायला वाट नव्हती, म्हणून त्यांच्या वडिलांनी बांधाकडेची पट्टी मोकळी सोडली. मग कुणी मुरूम टाकला, कुणी खडी, नगरसेवकाने निवडणुकीआधी डांबर. दोन्ही बाजूंना सोसायट्या झाल्या. पण सातबाऱ्यावर ती पट्टी अजून मामांच्या नावावर आहे. महापालिकेचे कागद यायचे आहेत, असं गेली बरीच वर्षं ऐकतेय.

"मामा, रस्त्यावर चालत नाही ती," मी म्हटलं.

"रस्ता कुनाचा हाय?"

यासीनभाई फळ्या लावता लावता म्हणाले, "मामा, रस्ता तुमचा असेल हो, पण शिट्टी पोलिसांची असते." कोण ऐकतो! नवी गाडी घरी न्यायची म्हणजे मालकाने बसून न्यायची, दारात मामी आरतीचं ताट घेऊन उभ्या, चाकाखाली लिंबू. तिकडे तशी रीतच आहे, टेम्पोतून पार्सलसारखी गाडी दारात उतरवणं शोभत नाही. मामांनी टोपी घट्ट केली आणि निघाले. आम्ही टेम्पो घेऊन मागे. माणसं गॅलरीत येऊन बघत होती. मामा डावी-उजवीकडे मान डोलवत नमस्कार घेत होते. वरातच की!

घर दिसायला लागलं आणि आडव्या गल्लीतून मोटरसायकलवर एक महिला हवालदार आली. गस्तीवर असावी. तिने हात केला. मामा थांबले.

"आजोबा, नंबर प्लेट कुठंय?"

"शेतातल्या गाडीला नंबर कशाला?"

"हे शेत आहे का?"

"होतं. माझंच होतं." मामांनी खिशातून सातबाऱ्याची घडी काढली. ते ती घेऊन आले होते! म्हणजे सकाळपासूनच तयारी होती. हवालदारबाईंनी ती उघडून नीट वाचली, हे मला आवडलं. मग घडी परत केली.

"आजोबा, नाव तुमचं आहे, मान्य. पण रस्ता कोणाच्या नावावर आहे हे आम्ही बघत नाही. त्यावरून कोण जातं हे बघतो. ज्या वाटेवरून सगळ्यांना जायची मुभा आहे, ती सार्वजनिक जागा. तिथे बिननंबरची, बिनविम्याची गाडी चालणार नाही. उद्या एखादं पोर आडवं आलं तर?"

"मग म्या काय करायचं?"

"दोन टोकांना गेट लावा, बोर्ड लावा, लोकांची ये-जा बंद करा. ती खाजगी झाली की तुमची गाडी, तुमची वाट." तिने गॅलरीतल्या माणसांकडे हात केला. "पण या एवढ्या लोकांना दुसरा रस्ता आहे का, तेही बघा. नाहीतर ते लोक आमच्याकडे येतील." तिने दंड केला नाही. गाडी टेम्पोत चढेपर्यंत मात्र तिथून हलली नाही.

मामींनी टेम्पोलाच ओवाळलं. यासीनभाईंनी टिळा लावून घेतला आणि लिंबावरून गाडी पुढे घेतली. एटीव्ही अंगणात उतरवली आणि उद्या लागलो तर बोलवा म्हणून गेले.

संध्याकाळी महेश आला. त्याला सगळं सांगितलं तर तो उलट खूश. "बाबा, सिंपल आहे. गेट लावू या. तुम्हाला गाडी चालवता येईल, मी मध्ये येणार नाही. खरंच." त्याच्या मनात काय आहे ते मला दिसत होतं: बंद वाटेच्या जमिनीला बिल्डर जास्त भाव देतो. पण मामांना माळावर न्यायचा तो एकच उपाय दिसत होता हेही खरंच. कुणीच खोटं बोलत नव्हतं, म्हणून जास्त चीड येत होती.  मामा जेवण अर्धं टाकून उठले. मी रात्री तिथेच राहिले.

सकाळी महेशने बोलावलेला गेट बनवणारा फॅब्रिकेटर मापाची टेप घेऊन हजर. मामा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि बराच वेळ नुसते बघत होते. शाळेच्या रिक्षा, कामावर निघालेल्या बायका, पेपरवाला, दुधाच्या किटल्या. फॅब्रिकेटरने टेप रस्त्यावर आडवी धरली. तेवढ्यात वरच्या वस्तीतली एक बाई डोक्यावर दळणाचा डबा घेऊन आली, आडव्या टेपपाशी थांबली आणि मामांना म्हणाली, "तात्या, गेट लावताय व्हय? मग आमी कुठनं जायचं?"

फॅब्रिकेटर म्हणाला, "मागून वळसा आहे ना, ओढ्याकडून."

 टेप ओलांडायची की नाही हे बाईला कळेना, म्हणून ती डबा तसाच धरून उभी राहिली. ती मामांची परवानगी मागत होती. मला वाटतं मामांना तेच सहन झालं नाही.

"टेप गुंडाळ," मामा म्हणाले.

"बाबा!" महेश.

"माझ्या बापानं सोडलेली वाट हाय. ती अडवून मी वर जाऊ? वर जाऊन आंब्याखाली बसू कुठल्या तोंडानं?" बाईकडे वळून म्हणाले, "जा गं बाय. ऊन हुतंय."

"मग माळाचं काय? तुमचा शब्द आहे," महेश म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द तो विसरला नव्हता.

मामांनी काठी घेतली. "यासीनला बोलवा. गाडी टेम्पोतनं गोठ्यात नेऊन ठेवा. तितनं वर माझी जिमीन, तितं कुनाचा बाप अडवत न्हाय. गोठ्यापातूर मी चालतो."

धडधाकट माणसाला ते दहा मिनिटांचं अंतर आहे. मी सोबत निघाले तर हाताने मागे सारलं. रिक्षा म्हणाल, तर इतक्या जवळ यायला हडपसरचा रिक्षावाला तयार होत नाही, आणि शब्द "कुणी न सोडता" असा होता. यासीनभाईंचा टेम्पो आला तसे मामा निघाले. चार पावलं, थांबणं, चार पावलं. यासीनभाई गाडी गोठ्यात उतरवून, सिगारेट ओढून, टेम्पो धुऊन मोकळे झाले तरी मामा पोचायचेच होते. महेश आधी दारात उभा होता, मग फाटकात, मग रस्त्यात. शेवटी बापाच्या मागे थोडं अंतर ठेवून चालायला लागला, हात न लावता.

गोठ्यापाशी मामा घामाने निथळत होते, ओठ पांढरे पडलेले. पाच-दहा मिनिटं तसेच गव्हाणीला टेकून राहिले. मग गाडीवर बसले, किल्ली फिरवली आणि माळ चढले. दगडांवरून गाडी उसळत होती. विहिरीपाशी थांबली. मामा उतरले, एका आंब्याला हात टेकला आणि मोठ्याने ओरडले, "महेश! निम्मी वाळली रं! आन पाइप!"

महेश पाइप आणायला गेला. 

मी त्याच दुपारी बसने कर्वेनगरला परतले. वाचकांनी काय लक्षात ठेवायचं तर एवढंच: एटीव्ही घ्यायची तर आधी ती जिथे चालवणार ती जागा खरंच बंदिस्त आहे का ते बघा. तिथवर ती टेम्पोतूनच न्या. जमीन कोणाच्याही नावावर असो, वाट सगळ्यांची असेल तर गाडी उतरवू नका. बाकी खर्चाचं ज्याचं त्याने बघावं.

दिवाळी होऊन गेली. महेशने विषय काढलेला नाही. काल मामांना फोन केला, रोज जाता का म्हणून विचारलं.

"रोज. मधी दोनदा बसतो. एकदा त्या मोठ्या सोसायटीच्या कट्ट्यावर. तितला वाचमन उठवतो. म्हनतो, बाबा, खाजगी जागा हाय."

माझं डोकंच फिरलं. "मामा, सांगा ना त्याला! हा अख्खा रस्ता कोणाचा आहे ते सांगा की!"

"कशापायी?" मामा म्हणाले. "त्यो बी बिचारा ह्याच वाटंनं येतो कामाला. उगं पाऊल टाकताना संकोच वाटंल त्येला."