वाटणाची तारीख

चाळिशी उलटल्यावर मी शारजातल्या एका कम्युनिटी कॉलेजात गृहविज्ञानाच्या डिप्लोमाला नाव घातलं. घरात सगळे हसले. "वीस वर्षं घर चालवतेयस, आता त्याचं सर्टिफिकेट कशाला?" नवरा म्हणाला. म्हटलं, तुम्हा लोकांना दाखवायला.

पहिलाच धडा अन्न साठवण्याचा. गृहपाठ असा: घरचा फ्रीजर रिकामा करा, प्रत्येक पिशवीवर तारखेची चिठ्ठी लावा, तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल ते टाका. जुनी पिशवी पुढे ठेवायची आणि ती आधी वापरायची.

माझ्या फ्रीजरच्या तळाशी आईचं वाटण होतं, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं. दर सुट्टीनंतर मी रत्नागिरीहून निघताना आई ते पिशव्यांत भरून, हाताने थापून गोठवायची आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत कोंबायची. ही शेवटची पिशवी. ती दिली आणि दोन महिन्यांत आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, चेहरासुद्धा दिसला नाही. पिशवीवर मात्र तिची चार बोटं उठली होती, तशीच गोठलेली. तीन वर्षं मी अधूनमधून फ्रीजर उघडून त्या खळग्यांत माझी बोटं ठेवायचे, पार बधिर होईपर्यंत. पाठीमागे ओट्याशी कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी वळायचे नाही. वळले असते तर कोणीच नसतं, हे का मला कळत नव्हतं?

आता ही पिशवी टाकू? कप्पाळ माझं! मी सरळ चिठ्ठीवर दोन महिन्यांपूर्वीची खोटी तारीख लिहिली, गृहपाठाच्या फोटोसाठी ती पुढे ठेवली आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. वर नियमांचा तक्ता ऐटीत फ्रीजवर चिकटवून नवऱ्याला नि लेकीला दम भरला, "हे पाळलं नाहीत तर याद राखा!" पिशवी परत तळाशी ठेवायची तेवढी राहून गेली.

शनिवारी माझं प्रॅक्टिकल होतं. दुपारी परत आले, लिफ्टचं दार उघडलं आणि पाय जागीच थिजले. अख्ख्या पॅसेजमध्ये आईच्या स्वयंपाकघराचा वास. क्षणभर, आईशप्पथ, वाटलं, आली ही!

दार नवऱ्याने उघडलं, खांद्यावर नॅपकिन टाकून. "यल्ला, चल, हात धू! सुरमईचं कालवण केलंय. तुझ्या तक्त्याप्रमाणे हं, सगळ्यात जुन्या तारखेचं वाटण घेतलं. काय जमलंय गं तुला! अगदी आईंच्या हातचं."

त्याला कशी ओरडू? तारीख मीच लिहिली होती. मी हात धुऊन पानावर बसले. पहिला घास तोंडात गेला आणि मग मी इतकं जेवले की नवरा बघतच राहिला. रडू येत होतं, ते तिखटावर ढकललं.

लेकीने बोटं चाटली. "मम्मा, कॅन यू मेक दॅट वाटण अगेन टुमॉरो?"

कोंबडी किती अंशांवर शिजते ते मी वहीत लिहून घेतलं होतं. दूध किती वेळ तापवायचं तेही. आईला मात्र एकदाही विचारलं नव्हतं, तू वाटणात काय काय घालतेस? पिशव्या येत होत्या आणि मी घेत होते.

"नाही गं राणी," मी म्हटलं. "मला येत नाही ते."