बायचा अनंत

पान मोडा. देठातून दूध आले तर तगर, नाही आले तर अनंत. फूल नसताना ही दोन झुडपे ओळखायची एवढी साधी रीत आहे. दोन्ही बारमास हिरवी, दोन्हींची पाने तुकतुकीत, दोन्हींना भरगच्च पांढरी फुले. वास मात्र अनंताचा. संध्याकाळी एक फूल उमलले तरी अंगण भरते आणि दुसऱ्या दिवशी पिवळे पडले तरी ते वास सोडत नाही. गोव्यात डिचोली भागातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दोन्हींना अनंतच म्हणत. बायकांना विचारायची गरज नव्हती आणि पुरुष विचारत नव्हते.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळे कळत होते. गोवा घटक राज्य होण्याची चर्चा होती, राजभाषा कोकणी की मराठी हा वाद पेटला होता. मी मराठीच्या बाजूने पत्रके लिहीत, वाटत, भिंतींवर चिकटवत फिरत होतो. घरात आम्ही कोकणी बोलायचो आणि लिहायचो मराठी. यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, मला तर नाहीच.

आमच्या परसात एक झुडूप विहिरीपाशी होते, दुसरे न्हाणीच्या मागे. न्हाणीमागचे माझ्या थोरल्या बहिणीने, बायने, लावलेले. बाय सतराव्या वर्षी तापाने गेली. तिचा एकही फोटो कधी काढला गेला नव्हता. आईने न्हाणीचे पाणी तिकडे वळवून ते झुडूप जगवले होते आणि श्रावणात बायच्या तिथीला त्याचे एक फूल ती वाटीत पाण्यावर ठेवायची. बायचे म्हणून घरात तेवढेच उरले होते.

घरामागे खाणीचा डंप होता, खणून टाकलेल्या मातीचा डोंगर. दर वर्षी तो चढतच होता. त्या पावसात त्याला चिरा पडल्या तेव्हा खाणीचा एक माणूस येऊन घरे सोडा असे तोंडी सांगून गेला. कागद दिला नाही. आई भांडीकुंडी घेऊन नार्व्याला मामाकडे गेली. जाताना मला एकच काम सांगितले.

"बायचो अनंत हाड. म्हाका तितलोच जाय."

तिला तेवढाच आणून हवा होता; दोहोंतला बायचा कुठला, हे तेव्हा ठाऊक नसूनही मी विचारले नाही. पत्रके लिहिणाऱ्याने आपल्याच परसातले झाड विचारायचे? दोन सभांच्या मध्ये सायकलवर गेलो. खाणीचे ट्रक जाऊन जाऊन दोन्ही झुडपे धुळीने लालभडक झालेली, पावसानेही न धुतली जाणारी. कळी एकावरही नव्हती. विहिरीपाशी गेलो, तीन फांद्या मोडल्या. बोटे चिकट झाली ती पँटला पुसली. ओल्या गोणपाटात गुंडाळून फांद्या नार्व्याला पोचवल्या आणि चहाही न घेता निघालो.

तिसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरने मला चिठ्ठी दिली. अक्षर मामाचे, बोल आईचे. आणलास तो तो नव्हे, न्हाणीमागचा आण, लवकर आण. मला हसू आले. अनंत तो अनंत, म्हाताऱ्या माणसांचे काहीतरी असते, असे सोबतच्यांना सांगितलेही. कागद हाताशी होता म्हणून त्याच्या पाठीवर पुढच्या पत्रकाचा मथळा लिहून काढला. आईच्या भाषेचा अपमान सहन करणार नाही, असा तो मथळा होता.

पाच दिवसांनी डंप खाली आला. विहीर, न्हाणी, अर्धे घर मातीखाली गेले. खाणवाले म्हणाले, निसर्गाचा कोप. निसर्गाने डोंगर पोखरून आमच्या पाठीशी ओतला नव्हता. ते मी आज लिहितो आहे. त्या सबंध वर्षात डंपबद्दल मी एका ओळीचेही पत्रक काढले नाही.

त्या तीनपैकी एक फांदी नार्व्यात जगली. नदीकाठची माती, झुडूप बघता बघता कमरेएवढे झाले. आई त्याला रोज पाणी घालायची. त्यावरून मला कधी बोलली नाही. मग मीच मनाशी ठरवून टाकले की तिची समजूत पटली असावी.

दुसऱ्या वर्षी बायच्या तिथीला मी नार्व्याला होतो. झुडूप फुलांनी भरलेले. मी एक फूल तोडले तेव्हा देठातून पांढरा थेंब आला आणि बोटांना तोच चिकटपणा लागला. फूल नाकाशी धरले. वास नव्हता म्हटले तरी चालेल. आई पायरीवर बसून बघत होती. तिला कधी कळले, मी विचारले. लावताना पान मोडले तेव्हाच, ती म्हणाली. म्हणून तर चिठ्ठी धाडली होती.

मी फूल तिच्यापुढे धरले. तिने ते घेतले, आत नेऊन देव्हाऱ्यात ठेवले आणि बाहेर येऊन म्हणाली,

"देवाक चलता. बायक ना."

मग तिने वाटीत पाणी घातले आणि ती नुसतीच कोनाड्यात ठेवली.