कच्चं लोहभस्म

पिंगळीच्या बसप्पांचं लोहभस्म पंचक्रोशीत नावाजलेलं. अंगात रक्त नसलेल्या, पांढऱ्याफटक पडलेल्या बाया त्यासाठी लांबून यायच्या. नाव बसप्पांचं, मनगटं मात्र सुनेची, भागम्माची. लोखंडाचा शुद्ध केलेला कीस कोरफडीच्या रसात खलायचा, चकत्या थापून वाळवायच्या, मातीच्या परळांत बंद करून गोवऱ्यांच्या आगीत भाजायच्या आणि निवल्या की पुन्हा खलाला बसायचं. कुठवर? तर चिमूट पाण्यावर टाकली की तरंगेपर्यंत.

घराचा नेम असा, की ज्या हातानं खल धरला त्याच हातानं तो सोडायचा. "हात बदलला की गुण गेला," बसप्पा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं! नवरा शिवरुद्र पुड्या घेऊन देवगाव फाट्यापर्यंत बाजार हिंडायचा आणि भागम्मा उंबऱ्याच्या आत बत्ता फिरवायची.

तशात पूर्णेहून सांगावा आला, माय अंथरुणाला खिळली. पिंगळीहून पूर्णा ती काय लांब? रेल्वेत बसून शेंगा फोडेस्तोवर येते. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला की एसट्या थांबायच्या, रेल्वे मात्र जायची. भागम्माचा बंद घरातच होता. रोज गाडीची शिट्टी ऐकू यायची आणि तिचा जीव खलातल्या किसासारखा भरडून निघायचा.

"मामा, एक डाव जाऊन येऊ द्या," ती म्हणाली.

"पुरं कर आन् जा की माय. मी कुठं अडवायलोय?"

भस्म काही पुरं होईना. चिमूट पाण्यात टाकली की बुडायची. शेवटी एके सकाळी तिनं डोक्याला करडीचं तेल चोपडलं, त्याच बोटांनी भस्माची चिमूट नीट चोळली आणि बसप्पांसमोर वाटीतल्या पाण्यावर भुकटी सोडली. ज्यानं घोटलं त्यानंच टाकायचं, हाही नेमच. तेलकट भुकटी पाण्यावर पसरली. बसप्पांनी वर तांदळाचा दाणा ठेवला. तोही तरंगला.

"वा गं पोरी!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "सोमवारी पुड्या वाटू. पयली पुडी तुज्या मायची." त्यांनी स्वतःच्या हातानं पुडी बांधून तिच्या पदरात टाकली.

गाडीत तिला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. पदराची गाठ तेवढी विस्तवासारखी लागत होती.

माय, शिवम्मा, तिला पाहून उठून बसली. शेजारच्या पंचफुलाला हाक मारून तिनं मध मागवला. "माज्या लेकीच्या हातचं हाय, आता मी उठते बघ."

मधाची वाटी आली. भागम्मानं पुडी सोडली, परत बांधली, परत सोडली. मायनं तोंड उघडलं होतं.

"माय, खाऊ नको. कच्चं हाय हे," ती एकदम रडायलाच लागली. "तुज्याकडं यायला मी खोटं तरंगवलं."

शिवम्मानं मधाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "बाकीच्या पुड्या?"

"सोमवारी वाटणार."

"दुसऱ्याच्या बी लेकी खातील की गं ते." तिनं लेकीचा हात क्षणभर धरला आणि सोडला. "जा. गाडी हाय आता."

मायनंच दार दाखवल्यावर बाई जाते कुठं? दिवस मावळायच्या आत भागम्मा पिंगळीच्या ओसरीवर उभी होती. "मामा, भस्म कच्चं हाय. बोटाला तेल लावलं होतं मी."

तिनं शिव्यांची वाट पाहिली. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. बसप्पांनी बांधून ठेवलेल्या पुड्या एकेक करून परत खलात रित्या केल्या. मग हळूच विचारलं, "माय कशी हाय?"

भागम्मानं उत्तराला तोंड उघडलं आणि तिला काही आठवेना. माय सुकली होती का, डोळे खोल गेले होते का, ओठ पांढरे होते का? तिथं असेपर्यंत ती नुसती पुडीकडेच पाहत होती.

तिनं कोरफडीचं पान घेतलं, चिरलं आणि खल पुढ्यात ओढला.