आमचा सोफा इब्रीला कसा गेला

आमचा सोफा सध्या इब्रीला असतो. तब्येत उत्तम आहे म्हणतात.

मी मात्र इथे मस्कतजवळच्या सीबमध्ये चटईवर बसून हे लिहितेय. (पाठ धरलीय. माझी!) आणि या सगळ्याला कारण माझं इंग्रजी. कच्चं आहे म्हणून नव्हे, चांगलं आहे म्हणून! इंग्रजी येतच नसतं, तर बाथरूमच्या दारातून आलेलं एक अक्षरही मला कळलं नसतं आणि सोफा सुखाने घरात राहिला असता.

आमचे हे, म्हणजे मिलिंद, मस्कतच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. कंपनीत दोन टीम, एक लाल बॉयलर सूटवाली, एक निळ्या. हे लालमध्ये. त्या महिन्यात यांचा करार संपत होता आणि तो वाढवायचा की नाही हे ठरवणार होते नवीन आलेले अमेरिकन साहेब, डेल. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला आणि व्हिसा गेला की चंबूगबाळं आवरून विमानात बसायचं. त्यात आमची प्रज्ञा दहावीला! परीक्षा तोंडावर असताना पोरीला उचलून नांदेडला नेऊन बसवायचं की काय?

अशातच एका सकाळी मी पोहे भिजवत होते. बाथरूममध्ये नळ धो धो सोडलेला, आणि आत आमचे हे चक्क इंग्रजीत बोलत होते.

"रेड फ्रंट इज खलास! नो प्रेशर! नो प्रेशर अ‍ॅट ऑल! वन मॅन, टू ओल्ड, टू हेवी, नी इज गॉन. ही मस्ट बी रिलीज्ड. ब्लू फ्रंट, ऑलरेडी नाईन सॅक्स!"

माझ्या हातातली चाळणी सिंकमध्ये पडली. आखातात 'रिलीज' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कंपनी सोडून देते, म्हणजे जा आता आपल्या गावाला! आणि 'सॅक' म्हणजे त्याच्याही पुढची पायरी. निळ्या टीममधले नऊ जण गेले, आता लालची पाळी. त्यात गुडघा गेलेला, जाड आणि वयस्क असा माणूस लाल टीममध्ये एकच होता. तो माझ्याच घरी जेवत होता! (गुडघा गेल्या पिकनिकला रस्सीखेचीत गेला. समोर बायकांचा संघ होता. असो.)

हे बाहेर आले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, ऑफिसात सगळं ठीक आहे ना?"

ते दचकले. "ठीक म्हणजे? तू काय ऐकलंस?"

"मी? काही नाही."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी टॉवेलात तोंड लपवलं.

आता सांगा, निर्दोष माणूस टॉवेलात तोंड लपवतो का? मी तडक शेजारच्या कांबळे वहिनींकडे गेले. त्या या देशात माझ्या आधीपासून आहेत, आणि कुठल्याही संकटात सल्ला द्यायला एका पायावर तयार असतात.

"सुजाता, मी सांगते ते ऐक," वहिनी गंभीरपणे म्हणाल्या. "सामान आत्ताच काढ. शेवटच्या आठवड्यात मातीमोल जातं बघ. आणि भाऊजींना काही विचारू नकोस. बाप्या माणसांना अशा वेळी विचारलं की ते खचतात."

मी विचारलं नाही. सोफ्याचा फोटो काढला आणि मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला. पोहे भिजून लगदा व्हायच्या आत फोन आला. इथून तीन तासांवर इब्रीला शिलाईचं दुकान असलेले मालवणकडचे परब. "वयनी, माका होयो तो सोफो! शुक्रवारी गाडी घेवन येतंय!"

गुरुवारी संध्याकाळी आमच्या यांनी बॉम्ब टाकला. "अगं, उद्या सुट्टी, डेल साहेब जेवायला येताहेत. जरा चांगलं कर."

"साहेब? आपल्या घरी? कशाला?"

"आहे जरा काम," हे नजर चुकवत म्हणाले. "हॉलमध्येच बसू आम्ही."

म्हणजे हा माणूस माझ्या हातचं पोटभर जेवणार, आणि हात धुऊन माझ्याच नवऱ्याच्या हातात पत्र ठेवणार! पण मीही काही कमी नाही. विचार करता करता मला वाटलं, सोफा शुक्रवारी जातोय ते बरंच आहे. साहेबांनी रिकामं घर बघितलं तर दगडालाही पाझर फुटेल, तो तर माणूस आहे. (हा माझ्या आयुष्यातला सर्वात हुशार विचार होता, असं मला तेव्हा वाटलं होतं.)

शुक्रवारी हे साहेबांना आणायला गेले आणि इकडे परबांचं पिकअप दारात लागलं. परबांनी सोफा थोपटून पाहिला, मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"वयनी, टीव्ही पण द्या मगे! सोफ्यार बसान बघूक कायतरी होया मा?"

"न्या!" मी म्हटलं. एकदा दुःख दाखवायचं ठरवलं की हात आखडता कशाला घ्या? परब ड्रायव्हरला म्हणाले, "यल्ला!" आणि माझा हॉल इब्रीच्या दिशेने निघून गेला.

थोड्या वेळाने दार उघडलं. आधी साहेबांचे खांदे आत आले, मग साहेब. त्यांच्यामागून आमचे हे हसत हसत आले आणि ते हसू दारातच थिजलं.

"अगं... टीव्ही?"

"गेला."

"कुठे?"

"इब्रीला."

"आणि सोफा?"

"त्याच्यासोबत."

साहेबांनी चौफेर बघितलं आणि ते प्रसन्न होऊन म्हणाले, "वॉव! सो मच स्पेस!"

पाझर काही फुटेना. म्हणून मी पुढे झाले, हात जोडले, आणि आरशासमोर पाठ केलेलं एका दमात म्हणून टाकलं. "सर, प्लीज डोन्ट सॅक माय हजबंड! हिज नी इज गॉन, बट हिज हार्ट इज देअर! माय डॉटर इज इन टेन्थ!"

दारात पापडाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या कांबळे वहिनींनी जोरात नाक ओढलं.

"हू सेड सॅक?" साहेबांनी विचारलं.

"ही सेड! इन बाथरूम! रेड फ्रंट, नो प्रेशर, टू ओल्ड, टू हेवी. ब्लू, नाईन सॅक्स!"

हे ऐकून आमचे हे मटकन खाली बसले. सवयीने, सोफा असायचा तिथे! फरशीवर आदळल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असावा. त्या आवाजाने प्रज्ञा खोलीतून धावत आली. (पोर इथेच वाढलीय, मराठी असंच आहे तिचं.)

"मम्मी, तू काय केली? आपली सोफा कुठे आहे?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. पोरीने कपाळावर हात मारून घेतला. "मम्मी! ती सॅक जॉबची नाही! फुटबॉलची आहे! अमेरिकन फुटबॉल!"

मग एकेक उलगडा होत गेला. डेल साहेबांनी आल्या आल्या विचारलं होतं, फुटबॉल आवडतो का? हे झोकात म्हणाले, हो तर, जीव आहे! यांच्या डोक्यात पायाने खेळायचा फुटबॉल, साहेबांच्या डोक्यात अमेरिकेतला. तिकडे चेंडू हातात घेऊन फेकतात. फेकणाऱ्याला फेकायच्या आत आडवं पाडलं की त्याला म्हणायचं सॅक. पाडायला धावणाऱ्या पुढच्या दांडग्यांची फळी म्हणजे फ्रंट, आणि त्या फळीचा धाक म्हणजे प्रेशर. कुठल्या संघाची फळी भक्कम, कुणाची पोकळ, यावर साहेब दर रविवारी, म्हणजे इथला आठवडा सुरू होताच, कामाला आल्या आल्या यांच्याशी चर्चा करायचे. आणि हे बिचारे, करार टिकावा म्हणून, संघांची नावं लक्षात राहत नाहीत तर नुसत्या जर्सीच्या रंगावरून, बाथरूममध्ये नळ सोडून फळ्यांची तुलना पाठ करायचे! गुडघा गेलेला, संघाने 'रिलीज' करावा असा तो म्हातारा लाल जर्सीतला कुणी पैलवान होता.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तुम्ही दोघी हसला असता," हे फरशीवरूनच म्हणाले.

मला हसू आलं नाही. भरून आलं. ज्या नोकरीसाठी मी सोफा काढला, त्याच नोकरीसाठी हा माणूस रोज नळाखाली उभा राहून परीक्षेची तयारी करत होता.

साहेब मात्र हसले. इतके हसले की धप्पकन चटईवर बसले. मग डोळे पुसत म्हणाले, करार वाढवायचं मी केव्हाच ठरवलंय, तेच सांगायला आलो होतो. हॉलमधलं यांचं ते 'काम' म्हणजे आदल्या रात्रीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग होतं. जेवून सगळ्यांनी मिळून ते बघितलं. प्रज्ञाच्या मोबाइलवर, पाच डोकी एकाला एक लावून. कांबळे वहिनी शेवटपर्यंत विचारत होत्या, "यातला आपला कोण?"

सोफ्यासाठी मी परबांना फोन केला. "परब, गैरसमज झाला हो. सोफा परत द्या ना."

"वयनी, खलास! सासूबाई इली हा. ती त्याच्यारच निजता. तिका उठवू कसो?"

पुढच्या आठवड्यात नव्या करारावर सही होती. त्या सकाळी मी पोहे परतत होते, तर बाथरूममधून आरोळी आली, "प्रेशर नाहीये! अजिबात प्रेशर नाही! खलास!"

मी गालातल्या गालात हसले. एकदा फसेन, दोनदा नाही! "लालवाले ना?" मी ओरडले. "काढून टाका सगळ्या म्हाताऱ्यांना!" आणि निवांतपणे कोथिंबीर चिरायला घेतली. आतून अजून बऱ्याच आरोळ्या आल्या. तयारी जोरात चाललीय म्हणून मला कौतुकच वाटलं.

शेवटी दार किलकिलं झालं. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र फेस उभा होता. एक डोळा उघडून तो म्हणाला, "सुजाता, गच्चीवरची टाकी संपलीय गं."

सही झाली. कानात साबण घेऊनच झाली. साहेबांनी म्हणे दोनदा विचारलं, मिलिंद, कानाला काय झालं? हे म्हणाले, "काही नाही सर. घरचा फ्रंट फार भक्कम आहे. आतून कितीही ओरडा, पलीकडे काही पोचत नाही!"